क्वार्टर नंबर सतराची वास्तुशांत

मी आयुष्यात एकच घर जाळलं, आणि तेही त्याच्या वास्तुशांतीला.

गैरसमज होऊ नये म्हणून आधीच सांगतो, मी निवृत्त अग्निसुरक्षा अधिकारी आहे. बडोद्याबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात तीस वर्षं मी 'येथे काडी ओढू नये', 'येथे विडी पिऊ नये', 'आग लागल्यास धावू नये' अशा पाट्या लावत फिरलो. माझ्या कारकिर्दीत एकदाही आग लागली नाही! (कँटीनमध्ये एकदा कढई पेटली होती, पण ती आचाऱ्याच्या हद्दीत येते.) निवृत्तीनंतर समा भागातल्या आमच्या सोसायटीत मी सगळ्यांना गॅसचं बटण रात्री बंद करायची आठवण करून देतो आणि त्यामुळे फारसा कुणाला आवडत नाही.

माझा मुलगा निखिल कॅनडात असतो. त्याची मुलगी रेवा, वय वर्षं नऊ. दर रविवारी तिचा व्हिडिओ फोन यायचा आणि आमचं संभाषण असं व्हायचं :

"कशी आहेस?"

"छान."

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

इथे पोरीचं मराठी संपायचं. ती दोन सेकंद माझ्याकडे बघून हसायची आणि फोन बापाच्या हातात द्यायची. मला फार वाईट वाटायचं. सगळा आठवडा मी त्या तीन वाक्यांची वाट बघायचो, आणि तिसऱ्या वाक्यानंतर माझी नात मला परत मिळायची ती पुढच्या रविवारी.

तिथल्या मराठी मंडळींनी मुलांसाठी रविवारचा वर्ग काढला होता. शिकवणाऱ्या मेघनाताई हुशार बाई. त्यांनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि मुलांना संगणकातल्या एका खोट्या जगात नेऊन सोडलं. तिथे सगळं ठोकळ्यांचं. झाडं चौकोनी, गाई चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी! मुलांनी घरं बांधायची, शेती करायची, एकमेकांच्या कोंबड्या पळवायच्या, काय वाटेल ते करायचं. अट एकच, आत शिरलं की मराठीत बोलायचं. आजी-आजोबांनाही आत यायची मुभा होती. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा : आपण बांधलेलं घर ताईंना दहा मिनिटं फिरून दाखवायचं, अर्थात मराठीत. नापास झालं की पुन्हा पाच वर्षांच्या पोरांबरोबर लहान गटात.

"बाबा, ती म्हणतेय नापास झाले तर मराठी कायमचं सोडणार," निखिल फोनवर म्हणाला. "आता तुम्हीच बघा."

मी बघितलं. म्हणजे लॅपटॉप टीव्हीला जोडून घेतला, चष्मा पुसला आणि त्या जगात प्रवेश केला. मला एक चौकोनी डोक्याचा पुतळा मिळाला होता. पहिल्या दिवशी मी सरळ तळ्यात गेलो. दुसऱ्या दिवशी एका झाडाला नाक लावून अर्धा तास उभा राहिलो, कारण वळायचं कसं ते माहीत नव्हतं.

"अहो, झाडाशी काय बोलताय?" माझी बायको वसुधा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मराठी शिकवतोय," मी म्हणालो.

तिसऱ्या रविवारी रेवाने विचारलं, "आजोबा, तुमचं घर सांगा. तुम्ही छोटे होते तेव्हाचं. मी बांधते."

माझं लहानपण बडोद्यातच प्रतापनगरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टर नंबर सतरा. वडील गार्ड होते. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी आणि अंगणात एक नळ, जो सकाळी पाचला खोकायला लागायचा. छोट्या, नॅरोगेज गाडीची शिट्टी झाली की आई पोळ्यांचं पीठ भिजवायला घ्यायची, इतकी ती गाडी वेळेवर असायची. आता तिथे काहीच नाही. क्वार्टर पाडून सपाट केलंय आणि स्कूटर उभ्या असतात. मी मधूनमधून मुद्दाम त्या बाजूने जातो, आणि दर वेळी आमची मोरी कुठे होती ते मला चुकीच्या जागी आठवतं.

मी सांगत गेलो, ती बांधत गेली.

"आजोबा, खुंटी काय असते?"

"भिंतीत ठोकलेला लाकडाचा तुकडा. माझे बाबा आले की त्यांची टोपी खुंटीला लावायचे. टोपी दिसली की आम्ही दंगा बंद करायचो."

"टोपी पाहिजे!" ती म्हणाली, आणि तिने कुठूनशी एक काळी टोपी आणून खुंटीला लावली. मग कडी आली, फळी आली, ओटा, मोरी, कंदील, चूल आली. (चुलीत विस्तव दिसावा म्हणून तिने लाव्हा भरलेली एक बादली ठेवली होती. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.) क्वार्टर विटांचं होतं, पण तिला लाकूड आवडायचं, म्हणून सगळं घर लाकडाचं झालं. मी काही बोललो नाही. तीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस लाकडी घर बघून काही बोलला नाही!

कारण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. क्वार्टर मिळालं तेव्हा आईला वास्तुशांत करायची होती. बाबा म्हणाले, "सरकारी घराची कसली वास्तुशांत? उद्या बदली झाली की काय करशील, शांत उचलून नेशील?" आईने विषय सोडून दिला. बदली कधीच झाली नाही. आई त्या घरात अठ्ठावीस वर्षं राहिली आणि दर दिवाळीला दाराला तोरण लावताना म्हणायची, "एकदा शांत करून घ्यायला हवी होती."

आता क्वार्टर नंबर सतरा पुन्हा उभं होतं, आणि या वेळी ते आमच्या मालकीचं होतं.

"वसुधा, वास्तुशांत करायची," मी म्हणालो.

"कुणाची?"

"क्वार्टरची. परीक्षेच्या दिवशीच, आधी अर्धा तास. रेवाला आश्चर्याचा धक्का देऊ."

"तुमचं डोकंही चौकोनी झालंय," असं म्हणून ती आत गेली. पण पुरणाची डाळ भिजत घातली.

मी आमच्या गुरुजींना फोन लावला.

"घर पूर्वाभिमुख आहे?" त्यांनी विचारलं.

"हो. मी स्वतः सूर्य बघून खात्री केली."

"मुहूर्त सकाळचा लागेल."

"ती अडचण नाही गुरुजी, तिथे दर वीस मिनिटांनी सकाळ होते."

पलीकडे गुरुजींनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "मी येतो. मला बघायचंच आहे."

रविवारी संध्याकाळी (तिकडची सकाळ) हॉलमध्ये गुरुजी पाटावर, मी लॅपटॉपसमोर, वसुधा माझ्या उजव्या हाताला, अशी बैठक जमली. घराची शांत म्हटल्यावर शेजारी बोलवायला नकोत? समोरचे जयेशभाई आणि कोकिलाबेन बडोद्याच्या हिरव्या चिवड्याचं पाकीट घेऊन हजर झाले.

"भाऊ, कॅनेडामां घर लीधुं?" जयेशभाईंनी विचारलं.

"नाही, प्रतापनगरला घेतलं," मी म्हणालो.

"प्रतापनगरमां तो पार्किंग छे!"

मी टीव्हीकडे बोट दाखवलं. जयेशभाईंनी घर नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सोसायटीनुं मेंटेनन्स केटलुं?"

गुरुजींनी मंत्र सुरू केले. तिकडे चौकोनी सूर्य उगवला. माझा पुतळा तळ्यात न पडता थेट घरात शिरला, हीच मला पहिली शुभ खूण वाटली. (चपला काढता येत नाहीत याची रुखरुख लागली, पण पुतळ्याला चपलाच नव्हत्या.) पुढच्या खोलीच्या मधोमध मी चार दगडांचं होमकुंड मांडलं.

"आता अग्निस्थापना," गुरुजी म्हणाले.

चकमक कशी वापरायची ते मी आठवडाभर शिकत होतो. मी बटण दाबलं. आग पेटली! कोकिलाबेननी हात जोडले. वसुधाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू. आई, झाली बघ तुझी शांत, असं मी मनात म्हणालो आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

चष्मा परत लावला तेव्हा जमीन पेटली होती.

"अहो, भिंत!" वसुधा ओरडली.

भिंतही पेटली होती. ठोकळ्यांच्या त्या जगात लाकूड असं पेटतं की आमच्या कारखान्यात तेलसुद्धा पेटलं नसतं. मी ताडकन उभा राहिलो आणि तीस वर्षांच्या सवयीने गरजलो, "कुणीही धावू नये! शांतपणे रांगेत बाहेर पडा!" त्याबरोबर कोकिलाबेन चिवडा घेऊन शांतपणे आमच्या हॉलमधून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, पाणी नाखो! पाणी!" जयेशभाई ओरडले.

"गुरुजी, थांबा!"

"मध्ये थांबता येत नाही," असं म्हणून गुरुजींनी मंत्रांचा वेग वाढवला. "स्वाहा!"

"स्वाहा नका म्हणू हो!" वसुधा म्हणाली.

मी पुतळ्याला मागच्या खोलीत पळवलं. (धावू नये ही पाटी इतरांसाठी असते.) तिथे दोन बादल्या होत्या. मी एक उचलली, पुढे आलो आणि आगीवर ओतली.

ती चुलीतली बादली होती.

लाव्हा संथपणे पुढच्या खोलीभर पसरला, ओट्यावरून उतरला आणि अंगणातल्या नळाकडे निघाला. नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर दोन पुतळे उगवले. एक रेवाचा, एक मेघनाताईंचा. परीक्षेची वेळ झाली होती.

पोरीने तीन महिने बांधलेलं घर मी तिच्या बाईंच्या डोळ्यांदेखत जाळत होतो. आता घर नाही, परीक्षा नाही, मराठी नाही. राहणार ती तीन वाक्यं, आणि यापुढे कदाचित तीही नाहीत.

आणि मग टीव्हीतून आवाज आला.

"आजोबा! हे काय केलं तुम्ही! ओट्यावर उभे राहू नका, ओटा जळतोय! मोरीकडून बाहेर या! मोरीकडून! कडी काढा आधी! अहो, ती कडी नाही, ती खिडकी आहे! किती वेळा सांगितलं, बादलीला हात लावायचा नाही! एक काम धड करत नाही तुम्ही! चालो, चालो, जल्दी!"

मी चमकून वसुधाकडे बघितलं. तिचं तोंड बंद होतं. शब्द, सूर, हेल, सगळं तिचंच होतं, पण बोलत रेवा होती! तीन महिने मी स्क्रीनसमोर बसून जे धडे दिले, त्यांच्या मागे स्वयंपाकघरातून जी बोलणी मला बसत होती, ती पोरीने एक अक्षर न गाळता पाठ केली होती.

"टोपी!" रेवा किंचाळली. "पणजोबांची टोपी खुंटीवर राहिली!" आणि तिचा पुतळा सरळ जळत्या घरात शिरला. पुतळा आहे, खोटा आहे, सगळं मला कळत होतं, तरी मी टीव्हीवर हात ठेवून "रेवा, बाहेर ये ग बाळा!" म्हणून ओरडत होतो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टोपी होती. पाठीमागे छप्पर खाली बसलं.

गुरुजींनी शेवटचा मंत्र संपवला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अग्नीने वास्तूचा पूर्ण स्वीकार केला आहे."

पणजीची राहून गेलेली पूजा करत होतो असं सांगून मी रेवाची माफी मागितली. बाईंचीही मागितली. म्हणालो, चूक माझी, पोरीला नापास करू नका. मेघनाताई एवढंच म्हणाल्या, "रेवा, इथे काय होतं ते मला सांगशील?"

आणि राखेत उभी राहून रेवाने सांगितलं. इथे ओटा होता, संध्याकाळी सगळे इथे बसायचे. इथे खुंटी होती, टोपी दिसली की आजोबा दंगा बंद करायचे. इथे नळ होता, तो सकाळी खोकायचा. पणजीला पूजा करायची होती, म्हणून आजोबांनी केली, पण आजोबांना काही येत नाही. वाक्यं अडखळत होती, काही क्रियापदं उलटी पडत होती, पण ती थांबली नाही. दहा मिनिटांची परीक्षा पंचवीस मिनिटं चालली. मोरीची जागासुद्धा तिने बरोबर दाखवली, जी मला कधी आठवत नाही.

रेवा पास झाली. वरच्या गटात गेली. आता रविवारी फोन ठेवायची वेळ आली की "थांबा, मला अजून सांगायचंय" असं ती म्हणते, आणि पुरणपोळी कशी लागते ते विचारते.

क्वार्टर नंबर सतरा तिने पुन्हा बांधलं, या वेळी विटांचं. खुंटीला टोपी आहे. मला आत यायची परवानगी आहे, पण पाहुणा म्हणून; म्हणजे ओट्यावर बसायचं आणि कशाला हात लावायचा नाही. दाराशी तिने एक पाटी लावली आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेलं तिचं पहिलं मराठी वाक्य, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही, मी तीनदा तपासून बघितली : 'येथे आग लावू नये. विशेषतः आजोबांनी.'

तीस वर्षांत मी लावलेल्या पाट्या कुणी वाचायचं नाही. ही मात्र वसुधाने इतकी मन लावून वाचली की तशीच एक आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर लावली आहे.