आमच्या कंप्युटरवर चालंल का?

ऑफिसात सरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हा सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं. ऐका आता गंमत.

"सर, आमच्या अभ्यासिकेतल्या कंप्युटरवर विंडोज न्हाई. लिनक्स हाय. तुमचं पोलीस भरतीच्या सरावाचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालंल का?"

"कुठून बोलून राहिल्या तुमी?"

"आखाडा बाळापूर. बुद्धविहारातून."

"हां, मग बराबर." सर खुर्चीत मागं रेलले. "बाई, ते डबे भंगारात घाला. तुमच्या लोकान्ला सगळं फुकटच लागतं का हो? कंप्युटर फुकट, लिनक्स फुकट. आता आमीबी फुकट राबावं काय?"

ऑफिसात हशा पिकला.

"फुकट न्हाई मागत, सर. इकत घेऊ," पलीकडून आवाज आला. हशा आणखी वाढला.

आवाज वंदनाताईचा होता. दिवसा अंगणवाडी, संध्याकाळी विहारातली अभ्यासिका, असं तिचं चालतं. मी कंप्युटरला पहिल्यांदा हात लावला तो तिच्यासमोर. याच डब्यांवर. शहरातल्या कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेले. नवं विंडोज त्यांना झेपत नव्हतं, म्हणून कॉलेजातल्या एका मास्तरांनी त्यांच्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. त्यावरच मी प्रोग्रॅम लिहायला शिकले. त्या शिकण्यावरच वसमतच्या या ऑफिसात नोकरी लागली. सरांना माझं गाव माहीत होतं. आडनावही.

म्हणून तर त्यांनी फोन माझ्यापुढं सरकवला.

"तू सांग गं तिला. तुमचं तुमाला लवकर कळतं."

शेजारचा बिस्किट चघळत हसत होता, दातांत ओला भुगा. त्याच्याकडं बघवेना. मी फोन उचलला. स्पीकर तसाच ठेवला.

"वंदनाताई, मी बोलून राहिले. चालंल. मी करून देते."

तिनं आवाज ओळखला. मग हळूच, "तू तिथंच व्हतीस व्हय?"

"व्हय."

तिनं फोन ठेवला.

"कोणाला इचारून कबूल केलं?" सर ओरडले. "आपण चार माणसं. मूठभरांसाठी येगळं काम करत बसलो तर बाकीच्या गिऱ्हाइकांकडं कोण पाहील?"

यात खोटं काही नव्हतं. छोट्या ऑफिसला हे जड जातंच. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासा. इकडं अक्षरं तुटतात, तिकडं प्रिंट निघत नाही. तेवढंच म्हणाले असते तर मी वाद घातला असता आणि कामाला लागले असते.

पण दिवाळीच्या आधी याच सरांनी एका बागायतदाराच्या मुलासाठी सगळं ऑफिस जुंपलं होतं. त्यानं क्लास काढला होता आणि मॅकबुक घेतलं होतं, त्याच्यावरही विंडोज नव्हतं. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत मॅकबुकवाला तो एकटाच. त्याला कुणी म्हणालं नाही, भंगारात घाला. "दादासाहेब, तुमच्यासाठी कायबी," असं सर म्हणाले होते. ते काम मीच करून दिलं होतं.

"सर, मॅकवाला तर एकटाच व्हता," मी म्हणाले. "तवा मूठभर काहून म्हणाले न्हाई?"

सर खुर्चीतून पुढं आले.

"त्याची अन् यांची बराबरी करून राहिली तू?"

घ्या. आलं बाहेर. थोडे असणं चालतं. थोडे असून आमच्यातले असणं चालत नाही. किळस आली. त्या माणसाची, त्या हसण्याची, रोज सकाळी माझ्याच तोंडून निघणाऱ्या 'गुड मॉर्निंग सर'ची.

"व्हय. करून राहिले." मी बॅग उचलली.

"मग बस तिकडंच विहारात!"

"बसते."

बसलेय. सरांचं सॉफ्टवेअर मागायला गेले नाही. स्वतःचं लिहायला घेतलंय, मुळापासून, लिनक्सवर. सोपं नाही. मध्ये जोडाक्षरं फुटली. भरतीची तयारी करणारी एक पोरगी चिडली, "ताई, हे काहून सारखं बंद पडून राहिलं?" खरंच पडत होतं. दुरुस्त केलं. पुन्हा पडलं. आई विचारते, पगाराचं काय. मी पुढची ओळ लिहायला घेते.

परवा जवळा बाजारच्या एका क्लासवाल्याचा फोन आला. त्याला आधी विंडोजवर पाहिजे.

"होईल," मी म्हणाले. "पण पहिलं इथं अभ्यासिकेत नीट चालंल. मग तुमच्याकडं."

"उलटा धंदा करून राहिल्या तुमी, मॅडम."

असेल. मी एकटी आहे. सगळ्यांचं एकदम जमणार नाही. कुणाला तरी थांबावंच लागणार. आजवर कोण थांबत आलं, मला माहीत आहे. ते आता थांबणार नाहीत.