दोन स्वल्पविरामांमधली जागा

माझी सून दवाखान्याच्या तळमजल्यावर बसून मजकुराचे तुकडे पाडते. हो, हाच तिचा धंदा! रक्त तपासणारं यंत्र एका दमात लांबलचक ओळ ओकतं: नाव, वय, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, मध्ये नुसते स्वल्पविराम. तिचा सी भाषेतला प्रोग्राम ती ओळ स्वल्पविरामापाशी कापतो आणि एकेक तुकडा रिपोर्टातल्या आपापल्या रकान्यात बसवतो. तुकड्यांना ती टोकन म्हणते, तिला सगळे कात्रीबाई म्हणतात. बाई हुशार आहे आणि ते तिला पक्कं माहीत आहे. मला आवडतं ते. मान खाली घालून बसणारी सून मला काय करायची होती?

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर कोण आलंय ते आवाजावरून ओळखायची पाळी आली. ऑपरेशनची तारीख ठरली, रक्त दिलं, आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांनी तारीख रद्द केली. उपाशीपोटी साखर एकशे अडतीस! आधी गोळ्या, मग बघू म्हणाले.

घरी कात्रीबाईंनी माझीच उलटतपासणी घेतली. "आई, खरं सांगा, गोड कुठे लपवलंय?"

माझं डोकंच फिरलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी! अगं, उपाशीपोटी रक्त दिलंच कुणी? सकाळी विसरून चहा प्यायले, म्हणून ते घेतलंच नाही. जेवून गेले तेव्हा काय ती एकदा सुई टोचली."

"मग ही साखर जेवणानंतरची?"

"मला काय विचारतेस? तुझ्या प्रोग्रामला विचार!"

तिने लॅपटॉप उघडला, कळा खटखटल्या. मग कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"सकाळचं रक्त नव्हतं, म्हणून यंत्राने ती जागा रिकामी पाठवली. लागोपाठ दोन स्वल्पविराम, मध्ये काहीच नाही. आणि मी कापायला वापरलंय तयार फंक्शन, स्ट्रटॉक. ते दोन्ही स्वल्पविराम एकच धरतं. रिकामा तुकडा देतच नाही."

"म्हणजे मोकळी खुर्ची दिसली आणि शेजारचा सरकून बसला."

"अगदी तस्संच!"

तिने ते तयार फंक्शन काढून टाकलं आणि एकेक अक्षर तपासत जाणारा, रिकामी जागा रिकामीच ठेवणारा स्वतःचा कोड लिहिला. माझी ओळ पुन्हा कापली. एकशे अडतीस जेवणानंतरच्या रकान्यात जाऊन बसले. "एकदम नॉर्मल, आई!"

सकाळी मी तिचा हात धरून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "सासूबाईंचा रिपोर्ट बदलून देऊ, विषय संपला."

"संपला कसा? असे आणखी रिपोर्ट गेले असतील. चूक माझ्या प्रोग्रामची आहे. सगळ्या जुन्या ओळी मी पुन्हा कापते, ज्यांचे रिपोर्ट बदलतील त्यांना तुम्ही फोन करा." आवाज जरासुद्धा हलला नाही पोरीचा. एका ट्रकवाल्याच्या उगाच चाललेल्या गोळ्या त्यामुळे बंद झाल्या.

माझं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा ती समोरच उभी होती. डोळ्यांखाली काळं, कानामागे पांढरे केस. मी बघतच राहिले.

"काय झालं आई? दिसतंय ना?"

"दिसतंय. इतकी कधी दमलीस गं तू?"

घरी आल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं आणि चहा टाकला.