शेवंतीची आडवी पावलं

धोंडू शिवलकराचं सगळं आयुष्य घोड्यांच्या शेजारून चालण्यात गेलं, पण घोड्यावर तो कधी बसला नाही. रिसाल्यात मोतद्दार म्हणून लागला तेव्हाच त्याला बजावण्यात आलं होतं की मोतद्दारानं खरारा करावा, चंदी घालावी, साहेब येईपर्यंत लगाम धरून उभं राहावं. पाठीवर बसणं हे त्याचं काम नाही. धोंडूला त्याचं वाईटबिईट वाटलं नाही. रत्नागिरीच्या भंडाऱ्याच्या पोराला घोडा जवळून बघायला मिळाला हेच खूप होतं. बाकीचे पोरगे गलबतावर गेले, हा घोड्यांत रमला.

मोठ्या लढाईत तो बसऱ्यालाही जाऊन आला. तिथलं त्याला फारसं काही सांगता येत नसे. लढाईचं विचारलं की तो खजुराच्या झाडांबद्दल बोलायचा. पण तिथे एक म्हातारा पंजाबी चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारा, होता, आणि त्याच्याबद्दल मात्र धोंडू कितीही वेळ बोलत बसे. तो म्हातारा घोड्यावर न बसता, नुसता जमिनीवर उभा राहून, घोड्याला आडवं चालवायचा. पुढे नाही, मागे नाही, सरळ बाजूला! घोडा एका पायावरून दुसरा पाय टाकत असा सरकायचा, जणू झोपेतच वाळूवरून वाहत चालला आहे. हातात एक बागडोर आणि चाबकाची दांडी, बस्स. मारणं नाही की ओरडणं नाही. म्हातारा म्हणे, घोड्याला ढकलू नकोस, नुसतं स्पर्शानं विचार, आणि त्यानं उत्तर दिलं की लगेच हात काढून घे. धोंडूनं ते डोळे भरून पाहिलं आणि मनात ठेवून दिलं. त्याचा उपयोग काय, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर त्यानं गावातल्या एका वकिलांच्या घोडागाडीवर चाकरी धरली आणि मांडवीच्या एका गलबतावरच्या तांडेलाच्या मुलीशी, यमुनेशी, लग्न केलं. यमुना म्हणजे वारा. बाजारात निघाली की धोंडू मागून धापा टाकत यायचा आणि ती पुढे जाऊन कुणाशी तरी भांडून मोकळी झालेली असायची. मूलबाळ झालं नाही, पण घर कधी सुनं वाटलं नाही. एकटी यमुनाच चार माणसांइतकं बोलायची.

मग एका श्रावणात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय सटकला. हाड बसवणाऱ्यानं हाड बसवलं, पण ते त्याच्या मनाला येईल तसं बसलं. यमुना पुन्हा उभी राहिली नाही. हातांवर जोर देऊन बसल्या बसल्या घरभर सरकायची, चुलीपाशी जायची, आणि काम आटोपलं की ओट्यावर येऊन बसायची. धोंडूचं घर चढावर होतं. ओट्यावरून माडांचे शेंडे दिसत, समुद्र दिसत नसे. संध्याकाळी वारा पडला की नुसती गाज ऐकू येई. मग बोलणारी यमुना बोलता बोलता थांबायची. धोंडूला ते थांबणं सगळ्यात जास्त लागायचं.

तिच्या भाचीचं लग्न निघालं तेव्हा मांडवीहून तिचे चार भाचे डोली घेऊन आले. घरापर्यंत गाडी येण्याची सोयच नव्हती, खालच्या रस्त्यापासून वर सगळी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. थोरला भाचा म्हणाला, "आत्ये, चल. चौघं हाव आमी. फुलासारखी नेताव तुला."

यमुनाबाईनं डोलीकडे एकदा पाहिलं. "चौघांच्या खांद्यावरनं मी एकदाच जायची हाय रे बाबांनो," ती म्हणाली, "आनि तवा मला विचारायला येऊ नुका."

 धोंडूनं पाठुंगळी न्यायची तयारी दाखवली, तर त्यालाही फटकारलं, "म्हातारपनी गावाला तमाशा दाखवताव काय?" लग्न झालं. वाजंत्र्यांचा आवाज वाऱ्याबरोबर वर आला तेवढाच तिच्या वाट्याला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि डोकं दुखतंय असं खोटंच सांगितलं. धोंडूला ते खोटं आहे हे कळलं. त्याच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. हिला या उंबऱ्याबाहेर पडायचं आहे, आणि कुणाचा हात न लागता पडायचं आहे. हे जमलं नाही तर ती या ओट्यावरच विझून जाईल.

त्याच सुमाराला वकिलांनी मोटार घेतली. गाडी विकली गेली, घोडीला कुणी गिऱ्हाईक मिळेना. बुटकी, तांबूस कुमैत रंगाची, पोट जरा सुटलेलं, स्वभावानं भित्री अशी ती शेवंती वकिलांनी धोंडूलाच देऊन टाकली. धोंडू तिला पाखाडीवरून हळूहळू वर घेऊन आला, अंगणात उभी केली, आणि ओट्याच्या कडेला तिची पाठ लागते कुठपर्यंत ते बघत राहिला. ओट्यावर दोन चिरे ठेवून त्यावर यमुना बसली तर घोडीची पाठ तिच्या बैठकीच्या बरोबरीनं येत होती! मात्र घोडी ओट्याला अगदी चिकटून उभी राहायला हवी. आणि घोडं समोरून भिंतीला भिडवता येतं, कुशीनं भिडवणं सोपं नसतं. ते आपलं तोंड पुढे करतं आणि ढुंगण बाहेर काढतं. म्हाताऱ्या पंजाब्याचं ते आडवं वाहणं इतक्या वर्षांनी धोंडूच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शाळा सुरू झाली. धोंडू शेवंतीच्या खांद्यापाशी उभा राही, डाव्या हातात बागडोर, उजव्यात चाबकाची दांडी. दांडीचं टोक तिच्या कुशीला, खोगिराचा पट्टा, तंग, बांधतात त्याच्या जरा मागे, हलकेच टेकवायचं आणि वाट पाहायची. पहिल्यांदा शेवंतीला वाटलं माशी आहे. मग तिनं शेपटी मारली. मग पुढे चालायला लागली, धोंडूनं बागडोरीनं थांबवली. मग मागे. मग एकदम गोल फिरली आणि आपल्याच पायात पाय अडकून धडपडली. शेजारची हौसा कुंपणावरून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "धोंडूदादा, घोडीला फुगडी शिकवताव काय?"

"व्हय, तुज्याबरोबर घालायला," ओट्यावरून यमुनाबाई म्हणाली. हौसा हसत आत गेली.

एका सकाळी, ऊन कोवळं असताना, शेवंतीनं वैतागून पुढचा एक पाय दुसऱ्यावरून टाकला. तेवढंच. धोंडूनं दांडी झटकन काढली, तिच्या मानेवर हात फिरवला आणि त्या दिवसाची शाळा सोडली. त्यानंतर ते उमलत गेलं. आधी पुढचे पाय, मग मागचे, मग दोन्ही एका तालात. धोंडू तिच्या कुशीकडे नुसता वळला की ती सरकू लागे. संध्याकाळचं ऊन अंगणातल्या धुळीत सांडलेलं असे, आणि त्यातून ती लाल घोडी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला तरंगत जाई. यमुनाबाई निवडायला घेतलेले तांदूळ सुपातच ठेवून बघत बसे. तिला वाटे, आपण लहान आहोत आणि बापाचं गलबत वाऱ्यानं आडवं आडवं काठाला लागतंय. हे ती धोंडूला बोलली नाही. बोललं तर मोडेल असं तिला वाटायचं.

शेवटी शेवंती रिकाम्या ओट्याला येऊन अशी चिकटली की मध्ये तळहात जाईना. धोंडूनं खोगिराला पलीकडच्या अंगानं वेताची टेकण बांधली, यमुनाबाईसाठी चिरे रचले. मोठ्या थाटात तो म्हणाला, "बस आता चिऱ्यावर. आनतंय घोडी."

यमुनाबाई चिऱ्यांवर बसली. केस नीट बांधले होते, नेसूचं नवं होतं. धोंडूनं शेवंतीला ओट्याकडे सरकवली. छान येत होती. हातभर अंतर राहिलं आणि यमुनाबाईनं आनंदानं तिला धरायला हात पुढे केला. शेवंती तिथेच थबकली, आणि मग तितक्याच सुरेख पावलांनी, पायावरून पाय टाकत, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

पुन्हा आणली, पुन्हा गेली.  यमुनेच्या चेहऱ्यावर, लग्नातल्या वाजंत्र्यांचा आवाज ऐकताना आला होता तो भाव आला होता. ते त्याला बघवेना आणि राग मात्र निघाला घोडीवर. जन्मात कधी उगारला नव्हता तो चाबूक त्यानं उगारला.

"अवो, तिला कशाला मारताव?" यमुनाबाई ओरडली. "तुमीच शिकवलाव ना तिला? मानसाचा हात अंगाकडं आला की बाजूला व्हायचा. ती शानी म्हनून जाताय. गुन्हा तिचा नाय, तुमचा हाय."

धोंडूचा हात खाली आला. खरंच होतं ते. इतके दिवस त्यानं घोडीला आपल्यापासून लांब सरायलाच शिकवलं होतं; आपल्याकडे ये म्हणायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. तो ओट्याच्या कडेला डोकं धरून बसला. 

यमुनाबाई मात्र घोडीकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "ती आढ्याची घळ काढा."

घळ म्हणजे आंबे उतरवायची लांब काठी, टोकाला जाळी. आंब्याला अजून अवकाश होता. धोंडूनं न विचारता ती काढून दिली. यमुनाबाईनं जाळी सोडून टाकली, शेवंतीला जवळ उभी करायला सांगितलं, आणि काठी तिच्या पाठीवरून पलीकडे नेऊन पलीकडच्या कुशीला टोक हलकेच टेकवलं. धोंडू टेकवायचा तसंच, तिथेच. इतके दिवस ती नुसते तांदूळ निवडत बसली नव्हती.

शेवंतीनं कान मागे केले, विचार केला. स्पर्श पलीकडून होता, म्हणजे अलीकडे सरकायचं. एक पाऊल. यमुनाबाईनं काठी उचलली. पुन्हा टेकवली. आणखी एक पाऊल. घोडीचं ऊबदार पोट हळूच येऊन ओट्याला लागलं, मान वळवताच तिचा श्वास यमुनाबाईच्या गुडघ्यावर आला. यमुनाबाई पाठमोरी झाली, दोन्ही हात खोगिरावर टेकले आणि आपल्या हातांच्या बळावर मागे सरकून घोडीवर बसली. पाय एका बाजूला, पाठ टेकणीला. कुणी हात लावला नाही. धोंडूनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि धुळीला नावं ठेवली.

त्या दिवशी धोंडू लगाम धरून तिला मांडवीला घेऊन गेला. पाखाडीवरून शेवंती एकेक पायरी चाचपत उतरली. घराघरांतून माणसं दारात आली, पण यमुनाबाई सगळ्यांच्या डोक्यांवरून पुढे बघत होती. किनाऱ्यावर ओहोटी होती. ओल्या वाळूत आकाश पडलं होतं आणि घोडी त्या आकाशावरून चालली होती. एक लाट येऊन शेवंतीच्या पायांना लागली, तशी ती शिकवल्याप्रमाणे नेमकी बाजूला सरकली, आणि यमुनाबाई मोठमोठ्यानं हसू लागली. धोंडूनं ते हसू कधीचं ऐकलं नव्हतं. घोडी समुद्राला भिऊन सरकत होती, यमुनाबाई तिला हातातल्या घळीच्या काठीनं पुन्हा समुद्राकडे आणत होती, आणि धोंडू गुडघाभर पाण्यात त्यांच्यामागे ओढला जात होता. अंधार पडेपर्यंत तिनं परतायचं नाव काढलं नाही.

मग ते नेहमीचं झालं. दिवसाआड धोंडू लगाम धरी आणि ती खाली जाई. त्याला वाटे, आता सगळं मनासारखं झालं.

एके दिवशी टांग्यांच्या अड्ड्यावर कुणाच्या घोड्याचा पाय बघायला तो गेला होता. दुपार कलताना परतला तर ओट्यावर यमुना नव्हती.  त्यानं आत बघितलं, परसात बघितलं, विहिरीत डोकावलंसुद्धा. मग अंगणातला रिकामा खुंटा दिसला. शेवंती नव्हती. खोगीर नव्हतं.

तो धावत पाखाडीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथे थांबला. धावत जाऊन करायचं काय? लगाम धरायला आपली गरज उरली नाही, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. तो परत आला आणि ओट्यावर, तिच्याच जागी बसला. उन्हं उतरली. गाज ऐकू येऊ लागली. असं बसून ती रोज आपली वाट बघायची, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला फार एकटं वाटलं, आणि त्याच वेळी कुठेतरी फार बरंही वाटलं.

दिवेलागणीच्या आधी टापा वाजल्या. शेवंती अंगणात आली, स्वतःहून वळली आणि पायावरून पाय टाकत ओट्याला येऊन लागली. यमुनाबाई वरून चिऱ्यावर उतरली. तिच्या हातात पानात बांधलेले बांगडे होते, अजून ओले, चांदीसारखे चकाकणारे.

"कुठं गेली व्हतीस गो?" धोंडूनं विचारलं. आवाज त्याला वाटला तितका रागीट निघाला नाही.

"मासळीला. घोडी सोडून खोगीर हौसंनं बांधला, बसले मी माजी मी." तिनं पान उघडून एक बांगडा त्याच्या नाकापुढे धरला. "बगा, ताजी मासळी अशी असतंय. पाय गेल्यापास्नं तुमी आनलेली शिळी मासळी खाल्ली मी, तोंडातनं शबूद काढला नाय. हौसा आनतंय म्हनाली तरी मी तिला आनू दिला नाय. तुमाला वायट वाटला असता."

 धोंडूनं तिच्या हातातलं पान घेतलं आणि विळी आणायला आत गेला.