मधल्या जोडाची वायर

मीटरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचे फक्त पाय दिसत होते, बाकीचा माणूस ट्रकखाली होता. पण पायांवरूनही कळत होतं की तो कुणाशी तरी हुज्जत घालतोय. माझ्या खोल्यांच्या खालचा गाळा त्याच्याकडे आहे. ट्रकची वायरिंग दुरुस्त करतो. खिडकी उघडी असली की खालचं बोलणं सरळ वर येतं, म्हणून त्याच्याबद्दल मला नको तितकं कळतं. राहिलेलं तो स्वतः येऊन सांगतो.

मीटर हे काही खरं नाव नव्हे. ड्रायव्हर बिचारा गाडीचं दुखणं सांगत असला की हा मध्येच म्हणायचा, "थांबा, तुम्हाला नको, मीटरला विचारू." मग खिशातला मीटर काढून तारा टेकवायचा. हेच नाव पडलं, आणि ते त्याला आवडायचंही. त्याचा हात चांगला आहे, स्वभाव मोकळा आहे, आवाज असह्य आहे. 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्या आवाजात मी तोवर कधी ऐकले नव्हते.

वडील लवकर गेले. थोरल्या बहिणीने वाढवला. तिचं लग्न झालं तेव्हा हा उनाडक्या करत फिरत होता. तिच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, मानगूट धरून एका वर्कशॉपात नेऊन उभा केला. भाऊजी ट्रक ड्रायव्हर. बोलणं कमी, काम जास्त, अशा जातीचा माणूस. तेव्हापासून मीटर त्यांच्यासमोर मान खाली घालतो आणि पाठीमागे त्यांच्या नावाने छाती फुगवतो.

भाऊजींच्या मालकाच्या काही जुन्या गाड्या मीटरकडेच दुरुस्तीला असायच्या. त्याच मालकाने नवा कोरा ट्रक घेतला आणि चालवायला भाऊजींना दिला. बाकीचे ड्रायव्हर जळून कोळसा झाले. मालकाने सगळ्यांदेखत बजावलं, "या गाडीला कंपनीशिवाय कुणी हात लावायचा नाही. वॉरंटी जाते." मीटरने मान डोलावली आणि पहिल्याच सुट्टीला भाऊजींना भेट म्हणून केबिनमध्ये मोठा टेप बसवून दिला. मालकाला पत्ता नाही.

आता थोडं तांत्रिक सांगते, त्यावाचून पुढचं कळायचं नाही. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, एकीला एक जोडलेल्या. दोघींचे मिळून चोवीस व्होल्ट. टेपला लागतात बारा. चोवीसाचे बारा करणारी एक डबी मिळते, ती बसवायची असते. पण मीटरच्या मते ती डबी म्हणजे नवशिक्यांचे चोचले. जुने वायरमन दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातूनच एक वायर काढतात. एकीचेच बारा व्होल्ट मिळतात, टेप वाजतो, काम झालं. घरात दोन सुना असाव्यात आणि पाणी भरायला कायम एकीलाच धाडावं, तसला हा कारभार. जुन्या गाड्या सोसायच्या. त्यांना होतं काय? एक इंजिन आणि चार दिवे.

नवी गाडी सोसेना. थोड्याच दिवसांत ती सकाळी उठायचंच नाव घेईना. भाऊजी चावी फिरवायचे, सेल्फ नुसता टकटक करायचा, समोरच्या फळीवरचे सगळे दिवे एकदम पेटायचे, आणि गाडी ढिम्म. माल भरलेला, घेणारा फोनवर ओरडतोय, मागे गाड्यांची रांग. ओढून आणायची, खोळंब्यापायी मालकानेच आता परवानगी दिली म्हणून मीटरने बॅटऱ्या चार्ज करायच्या, चार दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. बॅटऱ्या बदलल्या. बॅटरी भरणारा अल्टरनेटर तपासला. टोकं घासली, बॉडीची अर्थिंग सोडून पुन्हा आवळली. कंपनीच्या वर्कशॉपात नेली की मात्र गाडी शहाण्या मुलीसारखी वागायची. वागेल नाही तर काय! तिथे धाडण्याआधी वॉरंटीच्या भीतीने मीटर स्वतःच टेपची वायर सोडून ठेवायचा आणि गाडी परत आली की जोडायचा. एवढं करूनही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आपल्या हातची वायर त्याला दोष असू शकणारी वस्तू वाटतच नव्हती.

भाऊजींना मात्र शंका आली होती. गाळ्यातच विचारलं त्यांनी, मी वर खिडकीत होते.

"मीटर, तुझ्या टेपामुळे तर होत नसेल?"

"भाऊजी, तुम्ही स्टिअरिंग सांभाळा. किती गाड्यांत बसवलेत मी असे टेप. एक तरी रुसली का?"

"मी तर झोपताना बंद करतो."

"मग झालं तर! बंद टेप काय खातो?"

बंद टेप खात होता. सीटखाली आवाज वाढवणारा डबा होता, तो टेप बंद केला तरी जागाच राहायचा.

मालकाचं डोकं तापलं. त्याने दोघांना आपल्या गाड्यांच्या आवारात उभं केलं आणि मीटरला म्हणाला, "आज दोष सांग, नाहीतर उद्यापासून इथे दिसू नकोस." मीटरने चिमट्याचा, म्हणजे तारेला नुसता अडकवला की आतली वीज मोजणारा, मीटर बॅटरीच्या अधिक टोकाच्या जाड केबलीला लावला. त्याची तीच सवय, कायम अधिकाच्या बाजूला. काटा शून्यावर. मधून काढलेल्या वायरीची वीज त्या केबलीतून जातच नव्हती, ती तिथे दिसणार कशी? वजा टोकाला लावला असता तर तिथल्या तिथे उजेड पडला असता.

"गाडीत गळती नाही," मीटर म्हणाला. आणि मालक रोखून बघत होता म्हणून पुढे म्हणाला, "कुणी रात्री काही चालू ठेवून झोपत असेल, तर ते मीटर कसं सांगणार?"

कुणी म्हणे! त्या गाडीत झोपणारा माणूस एकच.

मालक भाऊजींकडे वळला. "काय चालू ठेवतोस?"

भाऊजींनी मीटरकडे पाहिलं. टेपाचं एक वाक्य बोलले असते तर मीटरची त्या आवारातली भाकर संपली असती. "काही नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी फाटकावर. काम काय, तर गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं.

नवा ड्रायव्हर यायला अवकाश होता. ट्रक आवारात कुलूपबंद उभा राहिला. तो यायच्या आदल्या दिवशी मीटर गाडी तयार करायला गेला, तर एक बॅटरी रिकामी, दुसरी भरलेली. नुसती भरलेली नव्हे, गाडी चालत असताना जादा चार्ज होऊन पाणी आटलेली. केबिनमध्ये इतके दिवस चिटपाखरू नव्हतं. मीटरने रिकामी बॅटरी चार्ज केली. मग त्याने चिमटा वजा टोकाला लावला. काटा हलला. टेपचा फ्यूज उपटला. काटा खाली बसला.

त्याने काय केलं? वायर ओढून काढली, टेप आणि डबा पिशवीत घातला आणि घरी आला. स्वतःशीच म्हणाला, एकदोन दिवसांत मालकाला सांगतो.

नवा ड्रायव्हर गाडी घेऊन गेला आणि गाडी अशी धावली की पुसू नका. मालक खूश. सगळ्यांसमोर मीटरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू बरोबर बोललास. रोग माणसातच होता." आणि आवारातल्या सगळ्या गाड्यांचं काम त्याला दिलं. चूक गुपचूप दुरुस्त करायला गेला, आणि त्याच दुरुस्तीने भाऊजींवर शिक्का मारला.

हे त्याने मला माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं. आत येईना.

मी म्हटलं, "मग सांगून टाक की! इथे काय उभा आहेस? मी मालक आहे का?"

"आता कसं सांगू? तेव्हाच सांगायला हवं होतं."

"उद्या आजच्याबद्दल हेच म्हणशील."

तो जिना उतरून गेला. पुढे रोज गाळा उघडत होता, रोज आवारात जात होता. भाऊजी त्याच्यासाठीही फाटक उघडायचे. "काय मीटर, जेवलास का?" एवढंच विचारायचे. मीटरची अन्नावरची वासना उडाली. गाळ्यातलं ओरडणं बंद झालं. मला शांतता हवी होती खरी, पण अशी नको होती.

मग एका दुपारी त्याची ताई गाळ्यात आली. मला वाटलं भांडायला आली. बिचारी मदत मागायला आली होती.

"तू जरा यांच्याशी बोल. हे घरात बटणं तपासत फिरतात. दिवा बंद आहे का, पंखा बंद आहे का, गॅस बंद आहे का. मी बंद करून आले तरी पुन्हा जाऊन बघतात. परवा मला म्हणाले, मीच विसरत असेन गं. वय झालं. मीटर खोटं कशाला सांगेल?"

ताई गेली. मग शटर खाली ओढल्याचा आवाज आला. भर दुपारी.

मीटर थेट आवारात गेला. मालक फाटकापाशीच एका गाडीतला माल उतरवून घेत होता, भाऊजी बाजूला उभे. मीटरने सगळं सांगितलं. टेप, मधला जोड, चुकीच्या टोकाला लावलेला चिमटा. हमाल हातातली खोकी धरून ऐकत राहिले. मालकाने तोंडाचा पट्टा सोडला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. आवारातलं सगळं काम काढून घेतलं. मग भाऊजींना म्हणाला, "गाडी उद्या परत आली की चावी तू घे." आणि त्यांच्यावरही ओरडला, "तोंडात काय बोळा कोंबला होता का तुझ्या?"

मालक आत गेला. मग भाऊजींनी मीटरला एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?"

इथे खोटं बोलायला जागा होती. आजच कळलं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. मीटर म्हणाला, "नवा ड्रायव्हर गाडीवर चढला त्याच्या आदल्या दिवशी."

भाऊजींनी तोंड फिरवलं. फाटकाची कडी नीट बसली होती, ती पुन्हा बसवली. म्हणाले, "तुझ्या ताईला तूच सांग. मी नाही सांगणार."

ताई धुतलेले कपडे दोरीवरून काढत होती. मीटरने उभ्याउभ्या सांगितलं, आणि आता ही कपडे टाकून आपल्याला बदडेल म्हणून वाट बघत राहिला. बदडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

ताई तशीच कपडे हातावर घेऊन पायरीवर बसली.

"गाडी पहिल्यांदा बंद पडली त्याच दिवशी हे मला टेपाचं म्हणाले होते," ती म्हणाली. "मी अंगावर धावून गेले. म्हटलं, माझ्या भावाला वायर जोडता येत नाही असं पुन्हा तोंडातून काढायचं नाही. पुन्हा काढलं नाही त्यांनी."

मीटर तिच्या शेजारी बसायला गेला.

"बसू नकोस," ती म्हणाली. "जा तू. त्यांची यायची वेळ झाली. मला त्यांच्याशी बोलायचंय, आणि तुझ्यासमोर बोलता यायचं नाही."