डिकीतली दुनळी

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचं घर आम्ही नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी पहाटे सोडलं. गाडी माझी मुलगी वृंदा चालवत होती. मागच्या सीटवर तुळशीची कुंडी पट्ट्यानं बांधली होती आणि डिकीत सगळ्यात खाली ह्यांची दुनळी बंदूक होती. तिच्यावर गोधड्या, प्रेशर कुकर आणि देवांचा डबा. हे ऑगस्टमध्ये गेले. एवढ्या मोठ्या घरात एकटीनं भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा, नॉर्थ कॅरोलायनात नवी नोकरी लागलेल्या मुलीबरोबर जावं, असं ठरवून मी निघाले होते.

त्या बंदुकीवरून आम्हां मायलेकींचं महिनाभर वाजलं होतं. हे मूळचे फलटणकडचे. त्यांच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्यात आजोबांची बंदूकही असे. इथे प्रयोगशाळेत नोकरी करताना ह्यांनी दुनळी घेतली ती काही शिकारीसाठी नाही. पाखरू मारणं ह्यांच्या जिवावर यायचं. शनिवारी मोकळ्या रानात जाऊन स्कीट (मातीच्या तबकड्या हवेत सोडून त्या टिपायचा खेळ) खेळायचे, एवढंच. वृंदा बारा वर्षांची झाली तशी तीही बरोबर जायला लागली. मला ती वस्तू घरात कधीच नको होती. नवरा गेला, मुलगी तेवढी उरली, आणि तिच्या हातात बंदूक. हे चित्र काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

शेवटी तह झाला. नव्या राज्यात जाऊन रीतसर विचारायचं. कायदा नको म्हणाला तर बंदूक विकून टाकायची, हो म्हणाला तर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही. वृंदानं लगेच कबूल केलं, तेव्हाच खरं तर मला शंका यायला हवी होती. पण न्यू जर्सीत बंदुकीचं ओळखपत्र काढताना तिला काय काय करावं लागलं ते मी पाहिलं होतं. दहाही बोटांचे ठसे झाले, तिची हमी देणाऱ्या दोन भल्या माणसांची नावं झाली, आणि मग पोलीस बरेच दिवस गप्प. जिथे आम्हांला कुणी ओळखत नाही तिथे तर याच्या दुप्पट विचारतील, असा माझा अंदाज होता.

निघण्याआधी पोलीस ठाण्यात प्रवासाचंही विचारून घेतलं होतं. तिथला ऑफिसर म्हणाला, “वाटेत तीन राज्यं लागतील. प्रत्येकाचे नियम निराळे. बंदूक रिकामी, पेटीत, पेटीला कुलूप, आणि डिकीत. काडतुसं वेगळी. उगीच रेंगाळू नका.” त्यामुळे डेलावेअरचा तो उंच पूल, खालचं करडं पाणी, मेरीलँडमधली पानं गळालेली रानं हे सगळं मी नीट पाहिलंच नाही. थालीपिठंसुद्धा आम्ही चालत्या गाडीत खाल्ली.

व्हर्जिनियात टायर बसला. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली, आणि तेव्हा लक्षात आलं की जादाचं चाक डिकीच्या तळाशी आहे, म्हणजे त्या पेटीच्याही खाली. सामान उतरवतो आहोत तोच मागे पोलिसाची गाडी येऊन थांबली. कडक टोपीवाला, ताडमाड माणूस. मी देवांचा डबा छातीशी धरला.

“यात काय आहे?” त्यानं लांब पेटीकडे बोट दाखवलं.

वृंदा अगदी सरळ उभी राहिली. “माझ्या वडिलांची शॉटगन, सर. रिकामी आहे. कुलूप आहे.”

त्यानं पेटी उघडायला लावली. आत नळ्या आणि दस्ता सुटे करून ठेवलेले होते. त्यानं एक नजर टाकली, मान हलवली. मग माझ्या हातातल्या पितळी डब्याकडे वळून म्हणाला, “आणि यात?”

मी म्हटलं, “देव.”

पेटी त्यानं गवतावर ठेवली होती. तो डबा मात्र दोन्ही हातांत घेऊन गाडीच्या बॉनेटवर ठेवला, तो घसरू नये म्हणून खाली आपला हातमोजा घातला. मग बाह्या सारून चाक बदलायला बसला. कुठे चाललोय ते विचारलं आणि जाताना म्हणाला, “तुम्ही जिथे चालला आहात ना, मॅम, तिथे या बंदुकीबद्दल तुम्हांला कुणी विचारणारही नाही.” धीर देण्यासाठी बोलतोय, असं मला वाटलं.

पुढे एका ढाब्यासारख्या जागी थांबलो. ग्रिट्स (मक्याच्या भरड्याची जाड पेज) आणि हश पपी (मक्याच्या पिठाची गोल भजी) मिळाली. पेज अळणी होती. भज्यांबरोबर मी पर्समधली लसणाची चटणी काढली तेव्हा वृंदा ओशाळून इकडेतिकडे बघायला लागली, आणि मग तिनंच निम्मी संपवली.

वृंदाच्या नोकरीच्या गावी, मॉरिसव्हिलला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गाव म्हणजे रेल्वेचे रूळ, थोडी घरं, तंबाखू वाळवायची पडकी कोठारं आणि चहूकडे पाइनची झाडं. माती लालभडक. ती पाहून मला महाबळेश्वरची आठवण आली आणि उगीचच भरून आलं. हे असते तर गाडी थांबवून मूठभर माती हातात घेतली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेरीफच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखाच्या, ऑफिसात गेलो. मी सगळे कागद एका फाइलीत लावले होते. ह्यांच्या मृत्यूचा दाखला, बंदुकीची पावती, वृंदाचं ओळखपत्र, दोघींचे पासपोर्ट, इतकंच काय, तिची डिग्रीसुद्धा. खिडकीमागे गळ्यात चष्म्याची साखळी घातलेली, माझ्याच वयाची बाई होती. तिनं फाइल उघडलीच नाही.

“पिस्तूल आहे का?”

“नाही, दुनळी.”

“मग आमच्याकडून काहीच लागत नाही. पिस्तूल घ्यायचं असेल तर परवाना इथून न्यायचा.”

“बोटांचे ठसे?”

“नाही, हनी.”

“हमी देणारी माणसं?”

“नाही.”

“मी हिची आई आहे. माझी संमती?”

“वय काय तिचं?”

“बावीस.”

ती हसली, पण हळू, कुणाला लागणार नाही असं. मग तिनं तेव्हाचे जे नियम होते ते सांगितले. गावाच्या हद्दीत बार काढायचा नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. शिकार करायची तर लायसन्स वेगळं, आणि रविवारी बंदुकीनं शिकार बंद. तबकड्यांसाठी जवळच वेस्ली नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे, शनिवारी लोक तिथे जमतात, हेही तिनंच चिठ्ठीवर लिहून दिलं.

गाडीत बसल्यावर मी रडले. ज्या कायद्याच्या जोरावर मी एवढी निश्चिंत होते, त्यानं मला साधं दारातही उभं केलं नव्हतं. वृंदानं माझ्या मांडीवरची फाइल उचलून मागच्या सीटवर ठेवली. मग म्हणाली, “आई, डील इज अ डील. पण उद्या तू पण चल ना, प्लीज. एकदा बघ तरी, बाबा आणि मी काय करायचो ते.”

शनिवारी सकाळी आम्ही वेस्लीच्या रानात गेलो. कापणी झालेलं मोकळं शेत, पलीकडे पाइनची रांग, गवतावर दंव. सात-आठ माणसं थर्मासमधली कॉफी पीत उभी होती. वेस्ली सत्तरीचा, एका कानानं बहिरा. वृंदानं पेटी उघडून बंदूक जुळवली. कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस नाही ना, ते बघितलं, बापानं शिकवल्याप्रमाणे. तिचे हात इतके ह्यांच्यासारखे चालत होते की मी नजर वळवली. ती काडतूस भरणार एवढ्यात वेस्लीनं हात पुढे केला.

“माझ्या रानात आधी मी बघतो. राज्य विचारत नसेल, मी विचारतो.”

त्यानं बंदूक मधून दुमडून उघडली आणि नळ्या आभाळाकडे धरून एक डोळा लावला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग म्हणाला, “एकीत उजेड आहे. दुसरीत नाही.”

गाडीतून त्यानं लांब सळई आणली आणि नळीत घालून हलकेच ढकलली. खाली पसरलेल्या रुमालावर तपकिरी, सुकलेलं, चेपलेलं काहीतरी पडलं. कडेला किंचित केशरी रंग होता.

“नळीत चिखल पाहिलाय, गांधीलमाशीचं घर पाहिलंय,” वेस्ली म्हणाला. “हे काय आहे?”

“माहीत नाही,” वृंदा म्हणाली. मी मात्र ओळखलं. तो झेंडू होता, आमच्याच अंगणातला.

ज्या वर्षी घरातलं माणूस जातं त्या वर्षी सण करायचे नसतात, हे मला कळत होतं. तोरण बांधलं नाही, गोड केलं नाही. पण खंडेनवमीची ह्यांची एवढी एक पूजा चुकवणं मला जमलं नाही. दरवर्षीप्रमाणे दस्त्याला हळद-कुंकू लावलं आणि नळीत फूल खोचलं. ते पडू नये म्हणून बोटानं आत दाबलं, तेही दरवर्षीप्रमाणेच. सुकून ते आत सरकलं असणार. नंतर वृंदानं बंदूक सुटी करून पेटीत ठेवली, तेव्हा तिनं फक्त काडतुसाची जागा पाहिली होती.

“बार काढला असता तर?” मी विचारलं.

वेस्लीनं वृंदाचा डावा हात मनगटाशी धरून मला दाखवला. “बंदूक इथे पेलतात. नळी फुटली असती तर आधी हा. मग कदाचित चेहरा.”

ज्या बंदुकीपासून मुलीला वाचवायला मी तीन राज्यं जीव मुठीत धरून आले, तिच्यात मरण मीच भरून ठेवलं होतं, तेही मनापासून नमस्कार करून. मी तिथेच गवतावर बसले. वृंदा माझ्याशेजारी येऊन बसली. त्या दिवशी तिनं एकही तबकडी टिपली नाही.

परतताना तिनंच विचारलं, “पण मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही?”

आणि मला दसऱ्याची संध्याकाळ आठवली. सोनं वाटून झालं की हे बंदूक उचलायचे आणि “जरा तेल देऊन येतो” म्हणत तळघरात जायचे. दरवर्षी. मी म्हणायची, काय ते लाड!

घरी येऊन बंदुकीला तेल द्यायच्या सामानाचा ह्यांचा पत्र्याचा डबा शोधला. अजून खोक्यातच होता. सळई, तेलाची बाटली, चिंध्या, आणि सगळ्यांच्या खाली पांढऱ्या रुमालाची पुरचुंडी. तिच्यात अकरा सुकलेले झेंडू होते. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, म्हणून ठेवलेले. एरवी माझ्याशी वाद घालायला हे कधी कमी पडले नाहीत. ही एक गोष्ट मात्र त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी बंदूक घराबाहेर काढली असती, हेही खरं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण मला वाटतं, माझ्या पूजेला चूक म्हणणं त्यांच्या जिवावर आलं असावं. मी रुमाल तोंडाशी धरून खूप वेळ रडले.

“आई, विकून टाकू,” वृंदा म्हणाली. “आय मीन इट. मला नको आता.”

मी अकरा फुलं आणि त्या दिवशीचं बारावं तुळशीच्या कुंडीत मातीआड केली. हात धुतले. मग म्हटलं, “आधी ती उघडायची कशी, ते मला शिकव.”

पुढच्या शनिवारी वेस्लीच्या रानात बंदूक मी उघडली. ती मला वाटली होती त्यापेक्षा जड होती. नळ्या आभाळाकडे धरल्या आणि डोळा लावला, आधी एकीला, मग दुसरीला. दोन्हींतून पलीकडच्या पाइनचा शेंडा दिसला. खात्रीसाठी पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग ती वृंदाच्या हातात दिली.