बावखलातलं भूत

मी आजवर पाहिलेला सगळ्यांत रटाळ सिनेमा म्हणजे एका भयपटाचा तिसरा भाग. पहिला बरा चालला होता, दुसरा पाहिलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही, आणि तिसरा काढायची दुर्बुद्धी कुणाला झाली ते देव जाणे. पण बघणं भाग होतं, कारण त्यात माझी मैत्रीण भूत होती.

म्हणजे तिचं म्हणणं तसं होतं. वर्षापूर्वी गिरीजला तिच्या सासरच्या केळीच्या वाडीत शूटिंग झालं. वाडीला पाणी पुरवणारं तळं असतं, त्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. भुताने त्यातून वर यायचं होतं. हिरवं पाणी बघून नटी मागे सरली. मैत्रीण असल्या पाण्यातच पोहायला शिकलेली. पांढरी साडी नेसून, केस तोंडावर घेऊन हीच उतरली. मोबाइल सगळ्यांचे काढून घेतलेले आणि घरचे लग्नाला गेलेले, त्यामुळे पुरावा शून्य. मोठी जाऊ तेव्हापासून तिला 'नटीबाई' म्हणू लागली आणि बघता बघता आख्खी आळी म्हणू लागली. ती हसण्यावारी न्यायची. पण एकदा माझ्या नायगावच्या घरी येऊन रडली.

"थापाडी समजतात गं मला," म्हणाली. ते मला फार लागलं.

सिनेमा लागला तेव्हा बुधवारी दुपारी आम्ही दोघी विरारला गेलो. आम्हाला धरून सात प्रेक्षक. पहिला तासभर नुसती दारं करकरली. भूत कसं झालं ते एक म्हातारा कंदील धरून सांगत बसला, तेही दोनदा. मला जांभया आवरेनात. ती मात्र खुर्चीच्या कडेला टेकलेली.

शेवटी बावखल आलं. पाण्यातून डोकं वर आलं. ओले केस, पांढरी साडी, आणि चेहरा कुठेच नाही.

"संपलं," ती म्हणाली. "ही कोणीही असू शकते."

तेवढ्यात भूत नायकाकडे निघालं आणि वाटेत थांबलं. एका केळीचा घड जड होऊन कलला होता, खालचा टेकू सुटत आला होता. भुताने टेकू सरळ केला, बुडाशी टाचेने दोनदा ठोकला आणि मग नायकाचा गळा धरायला पुढे गेलं.

मी तोंडावर ओढणी दाबून हसत सुटले. "हे कधी केलंस?"

"कळलंच नाही गं. घड पडला असता ना."

दुसरा दिवस सिनेमाचा शेवटचा होता. मी रजा टाकली, सकाळीच गिरीज गाठलं आणि जावेला सांगितलं, तिकिटं काढलीत, साडी बदला. नाही म्हणायला तिला सवडच दिली नाही. मैत्रीण नको नको म्हणत मागून आली.

जाऊ पहिला तास चक्क झोपली. कंदीलवाल्यापुढे मीही डुलकी काढली असती, पण जबाबदारी होती. बावखल आल्यावर तिला हलवून उठवलं. भूत थांबलं, टेकूला हात घातला, टाच मारली. जाऊ ताठ बसली.

"बघ, बघ, टाच मारते," ती पुटपुटली. "बारा वर्षं सांगतेय, टाच मारू नको, मुळं दुखावतात. पण ऐकेल तर शपथ."

मैत्रिणीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. माझ्या स्वतःच्या बढतीलाही मला इतका आनंद झाला नव्हता.

मागच्या रांगेतला एकजण खिदळला, "भूत केळीला टेकू देतंय."

जाऊ सबंध मागे वळली.

"हसायला काय झालं?" ती म्हणाली. "धाकटी जाऊ आहे ती माझी."