इंजिनावरून तोरण

निजामाच्या राज्यात जालन्याला माझं लग्न झालं, तेव्हा मी मांडवात घोडीवरून नव्हे, गुडघ्याएवढ्या वाफेच्या इंजिनावर बसून शिरलो. कापसाच्या जिनिंगवाले माझे सासरे छोट्या आगगाड्यांचे वेडे. अंगणात विहिरीभोवती त्यांनी रूळ टाकले होते, आणि इंजिन स्वतः हाकायचे.

आम्हा मारवाड्यांत नवरदेवानं स्वारीवरूनच नवरीच्या दारावरच्या तोरणाला तलवार लावायची. त्याशिवाय लग्न लागत नाही. दार नेमकं वळणावर, आणि वळण इतकं आखूड की वेग कमी केला तर चाकं रुळात गच्च अडकत.

"जवाईसा, थांबता येनार न्हाई, जाता जाता मारा!" सासरे ओरडले.

पहिला वार हवेत गेला. दुसऱ्या फेरीत मेहुण्याचा फेटा उडाला.

"मुहूर्त चाल्ला!" भटजी किंचाळले.

"मंग मी काय झोपून राह्यलो का?" सासऱ्यांनी आणखी कोळसा टाकला.

तेवढ्यात घूंघट सावरत नवरीच बाहेर आली. तिनं खिळ्यावरचं तोरण उतरवलं, ते हातात धरून रुळाशेजारी उभी राहिली, आणि मी जवळ येताच बराबर माझ्या तलवारीत अडकवलं.

सगळे भटजींकडे बघू लागले. नवरीनं हातभार लावू नये असं काही त्यांना आठवेना.

"लागलं!" ते म्हणाले, आणि सासऱ्यांनी इंजिनाची शिट्टी वाजवली.